येतो म्हणून गेलेले

कोठाराची भिंत उभी राहिल्याला एकशे सातवं वर्ष चालू होतं. माघ सरत आला होता, पण पहाटेची थंडी अजून मोडली नव्हती. डोंगरावर गाव होतं आणि गावाचं पोट डोंगराखाली होतं. वर सगळा कातळ. गवताची काडीसुद्धा तिथे उगवत नसे. खाली दरीत कोठार होतं. ते मुंग्या भरत आणि कासवं सांभाळत. ज्वारी, नाचणी, गूळ, मीठ, पेंड, सुकी बोरं, काय हवं ते तिथे होतं. गावातल्या प्रत्येक जिवाचा घास त्या भिंतीतून वर यायचा.

भिंत लांब होती. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नसे. तिच्यात ओळीने खिडक्या होत्या, प्रत्येक खिडकीला दगडी झडप, आणि झडपेमागे एकेक कासव. बाहेरून कोणी कासवांच्या बोलीत "आलो" म्हटलं की झडप वर जायची. मग काय हवं ते सांगायचं. कासव ते आतून आणून उंबऱ्यावर ठेवायचं. काम झालं की "जातो" म्हणायचं. झडप खाली यायची आणि खिडकी पुढच्याला मोकळी व्हायची.

कासवांना दिसत फार कमी असे, आणि चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांच्यापाशी चाले तो शब्द. त्यांची बोली जुनी, जाड. गावाला ती अर्धीमुर्धी कळायची, बोलता येत नसे. त्या बोलीत एका शब्दाला एकच अर्थ होता. दुसरा अर्थ ठेवायला कासवांकडे जागाच नव्हती.

ती बोली येणारा गावात एकटा सटवा होता. सटवा खेचर. आई घोडी, बाप गाढव. घोड्यांनी त्याला आपला म्हटलं नाही आणि गाढवांनीही नाही, पण बोली दोघांचीही त्याला जन्मापासून येत होती. तिसरी शिकायला त्याला जड गेलं नाही. पुढे तो मधाच्या कोठारातल्या माश्यांशी आणि तेलाच्या कोठारातल्या घुशींशीही त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलू लागला. कुठल्याही दारात उभं राहावं आणि रिकामं परतू नये, एवढी त्याची पत होती.

तो सावकाश होता, हे खरं. गावाचं वाक्य ऐकायचा, मनात उलटं करायचा, कासवांच्या बोलीत सांगायचा. उत्तर आलं की पुन्हा तेच. वर वाट पाहणारे वैतागत. सटवाला त्याची पर्वा नव्हती. वाटेच्या तोंडाशी जी पहिली खिडकी होती तीच त्याची. तिच्यामागे कोंडाबाई नावाची म्हातारी कासवीण बसे. रोज "आलो", रोज "जातो". इतक्या वर्षांत त्या दोघांचं त्यापलीकडे काही बोलणं झालं नव्हतं, आणि दोघांनाही ते पुरेसं वाटत होतं.

गावाची रीत मात्र निराळी होती. गावात निघताना कोणी "जातो" म्हणत नसे. "येतो" म्हणायचं. जातो म्हणणं मढ्याचं काम, अशी समजूत होती. सटवा वर "येतो" म्हणायचा आणि खाली "जातो". जिथली रीत तिथे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

पौषात मानाजीचं वासरू गेलं. मानाजी गावाचा प्रमुख, थोराड गवा, बोलायला कमी आणि न्यायाला धीमा. वासरू तापाने गेलं की आणखी कशाने, कोणाला सांगता येईना. मानाजी दारात येईल त्याला एकच विचारी, कशाने गेलं? उत्तर मिळालं नाही की दुःखाला टेकायला जागा सापडत नाही. ती जागा माघाच्या शेवटी नकुलरावाने दिली.

नकुलराव मुंगूस हा गावाचा कारभारी. त्याचं दर्शन शुभ मानत. लग्न असो की बारसं, तो समोरून गेला की मगच लोक कामाला हात घालत. तो समोरून जात असताना सगळे जागच्या जागी थांबत. सटवा तेवढा थांबत नसे, कारण त्याच्या पाठीवर ओझं असे. हे नकुलरावाने बरीच वर्षं मनात ठेवलं होतं.

तो मानाजीला म्हणाला, की रोज आपल्या घासावर कोणीतरी "जातो" म्हणतं, आणि मग तो घास आपण घरात आणतो. वासराने तोच खाल्ला.

मानाजीने मान खाली घातली. एवढी परवानगी नकुलरावाला पुरली.

दुसऱ्या दिवशी सटवा कोंडाबाईच्या खिडकीत उभा होता. पेंडीचं ओझं पाठीवर चढलं होतं. त्याने नेहमीसारखं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून दोन तरसांनी त्याच्या तोंडावर दोर आवळला. नकुलराव स्वतः मागे उभा होता, कानांनी ऐकायला. "जा" बाहेर पडला होता. "तो" आतच राहिला. सटवाला ओढत वर नेलं. वळणावरून त्याने मागे पाहिलं. झडप खाली आली नव्हती. कोंडाबाई पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवून बसली होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो एका खिडकीतून अर्ध्या शब्दावर निघाला होता. पुढे त्याच्याशी जे झालं त्याहून त्याला हे जास्त लागलं. गावात हे कोणाला कळलं नाही.

चावडीच्या कातळावर सगळे जमले. आता कोठारात कोणी जायचं, हा प्रश्न आला, आणि ज्याला त्याला आपलं घोडं पुढे दामटायचं होतं. कावळे म्हणाले, आम्ही चोचीतून आणू. एका फेरीत किती, विचारल्यावर एक दाणा म्हणाले. वानरांनी डोंगरमाथ्यापासून भिंतीपर्यंत साखळी करून दाखवली. साठ्यातली गुळाची एक ढेप खाली ठेवली होती, ती तिथून निघाली आणि वर पोचलीच नाही. मधल्या सगळ्यांच्या मिशा मात्र चिकट झाल्या होत्या. मग काळवीट पुढे आले. त्यांचा म्होरक्या जिवाजी, तरणा, शिंगं वळलेली. तो निघाला म्हणेपर्यंत खाली होता आणि खाली दिसतोय म्हणेपर्यंत वर. लोक ओरडायला लागले. पुन्हा पळ, म्हणाले. तो पुन्हा पळाला.

त्याचं येणं सगळ्यांनी डोळे फाडून पाहिलं. निघतानाचं कोणी काही विचारलं नाही.

एका म्हाताऱ्या सायाळीने विचारलं, की पोरांना बोली कुठे येते? नकुलराव म्हणाला, बोली काय, शिकवता येते, पाय शिकवता येत नाहीत. लोक हसले. मधाचं आणि तेलाचं काय, हे कोणालाच आठवलं नाही. त्या दिवसापासून गावाला मध आणि तेल दिसलं नाही.

मग नकुलरावाने नवा कायदा वाचला. गावासाठी काही आणताना जो "जातो" म्हणेल त्याचा खालचा ओठ डागला जाईल आणि त्याला गावाबाहेर काढलं जाईल. सुरुवात सटवापासून.

सटवाच्या तोंडावरचा दोर सोडला होता. तो एकदाच बोलला.

"तो शब्द गावासाठी नव्हता. कासवांना तो लागतो. तो नाही म्हटला तर—"

"ऐकलंत?" नकुलराव लोकांकडे वळला. "ओठाशी लोखंड आलंय, तरी 'तो शब्द, तो शब्द' चाललंय."

लोक पुन्हा हसले. मानाजी हसला नाही, पण त्याने थांबवलंही नाही. सटवाने वाक्य पुरं केलं नाही. त्या दिवशी त्याची दोन वाक्यं अर्धी राहिली होती, एक खिडकीत आणि एक चावडीवर. लोखंड लागलं तेव्हा तो हलला नाही. डोळे तेवढे त्याने नकुलरावावर ठेवले.

मानाजीने त्याला एक विनंती केली. जाण्याआधी पोरांना बोली शिकव. लोकांना वाटलं, हा लाथ मारील. सटवा म्हणाला, शिकवतो.

पूर्ण फाल्गुन त्याने काळविटांना शिकवलं. हातचं काही राखून ठेवलं नाही. नाचणीला काय म्हणतात, अर्धी ढेप कशी मागायची, जुनी ज्वारी आधी द्या हे कसं सांगायचं, ओल लागलेला माल कसा परत करायचा. ओठाची खपली धरली, फुटली, पुन्हा धरली. तो शिकवत राहिला. जिवाजी हुशार होता आणि मनाने वाईट नव्हता. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं.

"सटवाकाका, एक राहिलं. निघताना काय म्हणायचं?"

सटवाने खाली दरीकडे पाहिलं.

"घरातून निघताना काय म्हणता?"

"येतो."

"मग?"

"तेच म्हणायचं? कासवांना चालतं?"

"मला विचारू नकोस. माझं तोंड अभद्र आहे. नकुलरावांना विचार."

जिवाजी खरंच विचारायला गेला. आनंदात परत आला. नकुलरावांनी पाठ थोपटली, म्हणाला. म्हणाले, येतोच म्हणा, गोड बोला, गावाची शोभा ठेवा. कायद्यातही तसं लिहून घेतलं.

सटवाने त्याला "येतो"साठी कासवांच्या बोलीतला शब्द सांगितला. तीनदा म्हणवून घेतला, उच्चार चुकू नये म्हणून. मग तो उठला आणि गाव सोडून निघाला.

दरीच्या पलीकडच्या अंगाला जुनी खाण होती. भिंतीसाठी दगड तिथूनच काढला होता. खाणीच्या तळाला पाणी साचलेलं होतं आणि कडेला थोडं काटेरी गवत. सटवाने तिथे मुक्काम केला. जागा उजाड होती, पण तिथून कोठाराची अख्खी भिंत समोर दिसायची. त्यासाठीच त्याने ती निवडली होती.

बंद झडपा भिंतीच्या रंगाच्या. वर गेलेली झडप म्हणजे भिंतीत काळं तोंड. त्याने पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा एकच तोंड उघडं होतं, वाटेजवळचं, कोंडाबाईचं. ते तो बघायचा आणि नजर काढून घ्यायचा.

चैत्र लागला आणि काळवीट कामाला लागले. त्यांचं काम बघण्यासारखं होतं. भिंतीशी उडी घेऊन थांबायचे, मिळेल त्या बंद खिडकीसमोर "आलो" म्हणायचे, ओझं घ्यायचे, गोड आवाजात "येतो" म्हणायचे आणि पुढच्या श्वासाला वर. मागे झडप तशीच राहायची. कासव पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवून थांबायचं. येतो म्हणालाय ना, मग येणार. कासवाला घाई कसली?

गावात कौतुकाला पूर आला. पूर्वी दिवसाला एक ओझं यायचं, आता दिवसभर येतच होती. नकुलराव रोज सकाळी काळविटांच्या समोरून जाई आणि ते रोज त्याच्यासाठी थांबत.

गोजरा टिटवी खाणीवर यायची. तिची अंडी खाणीच्या वरच्या कातळावर, उघड्यावरच. ती जन्माची बोलकी. सटवाला जातायेता टोचल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि त्याला भेटायला येणारं दुसरं कोणी नव्हतं.

"काय सटवाभाऊ, ओठ कसाय? आता तरी हसायला शीक, डाग शोभून दिसेल."

"कुठवर गेलेत?" सटवा विचारायचा.

"कोण?"

"काळवीट. भिंतीला कुठे थांबतात?"

"जांभळापाशी. का रे?"

"काही नाही."

पुढच्या खेपेला ती म्हणाली, पाझराच्या पलीकडे गेलेत. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, जवळच्या खिडक्या त्या पोरांना का आवडत नाहीत कोण जाणे, रोज पुढे पुढे पळतात. वर लोक म्हणतात, बघा कशी उमेद आहे, रोज नवी खिडकी. सटवा गवत चावत होता. चावायचं थांबून त्याने एवढंच विचारलं, की ढासळलेल्या बुरुजापर्यंत पोचले का? बुरुजापाशी भिंत संपत होती.

गोजरा त्याच्याकडे मान वाकडी करून बघत राहिली. ती बोलकी होती, बावळट नव्हती.

"तुला कायतरी ठाऊक आहे."

सटवा उठून पाण्याकडे गेला.

भिंतीवरची काळी तोंडं वाढत होती. वाटेपासून जांभळापर्यंत, जांभळापासून पाझरापर्यंत. सकाळी उठला की तो आधी तिकडे बघायचा. ओठाला आता खपली नव्हती. कातडं जुळून आलं होतं, पण तिथे जीभ लागली की त्याला नकुलरावाचा आवाज ऐकू यायचा. दिवसातून कितीतरी वेळा तो मुद्दाम तिथे जीभ लावायचा.

वैशाखाच्या शेवटी जिवाजी बुरुजाजवळच्या शेवटच्या खिडकीतून मीठ घेऊन वर गेला. "येतो" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बंद झडप त्याला सापडेना. तो शेवटच्याच खिडकीत उभा राहिला.

"आलो," तो म्हणाला.

"खिडकी मोकळी नाही," कासव म्हणालं. "एक जण येतो म्हणालाय."

"तो मीच."

"तू 'आलो' म्हणालास. 'आलो' म्हणणारा नवा. 'येतो' म्हणाला तो जुना. जुना यायचाय."

"अहो, काल मीच येतो म्हणालो होतो."

"आता पुन्हा 'येतो' म्हणालास? बरं. दोघांसाठी थांबते."

जिवाजीने दुसरी खिडकी केली, तिसरी केली. भिंतभर पळाला. सगळीकडे झडप वर, उंबऱ्यावर पाय ठेवून कासव बसलेलं, तोंडावर कसलाही राग नाही, आणि उत्तर तेच. रागावून बोलता येत नव्हतं, कारण रागावण्याचे शब्द त्याला शिकवलेले नव्हते. सटवाने ते कधी वापरलेच नव्हते.

पहिले काही दिवस गावाने साठ्यावर काढले. मग घराघरातून भांडणं ऐकू येऊ लागली. वानरांनी कोणाची तरी बोरं उचलली. कावळे गाव सोडून गेले. नकुलरावाने आणखी काळवीट नेमले, म्हणजे जास्त जण रिकामे परत येऊ लागले. मग त्याने हुकूम काढला, की आवाज आणखी गोड करा. त्याने स्वतः रोज दोनदा कोठाराच्या दिशेने दर्शन द्यायला सुरुवात केली. कासवांना ते दिसत नव्हतं.

ज्येष्ठात गोजराची पिल्लं बाहेर आली. गावातून कातळावर जे दाणे सांडत त्यावर टिटव्यांची पोटं चालत. आता सांडायला काही नव्हतं. ती खाणीत उतरली तेव्हा तिने टोमणा मारला नाही.

"सटवाभाऊ, काय असेल ते सांग."

तो गवत चावत राहिला.

"मी तुझ्या ओठाला हात लावला नव्हता. माझ्या पिल्लांनीही नाही. एक आज सकाळपासून मान उचलत नाही."

"ज्याने ओठ डागला त्याने विचारायला यायला हवं, आणि ते त्याला ठाऊक आहे," सटवा म्हणाला.

"तो येईपर्यंत?"

सटवाने भिंतीकडे तोंड केलं. सगळी काळी तोंडं आता एका ओळीत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोजरा उडून गेली. दुसऱ्या दिवशी कातळावर दोन पिल्लं होती. आदल्या दिवशी तीन होती. त्यानंतर ती सटवाशी बोलली नाही. गावाला बोलावणं धाडावंसं त्याला वाटलं. त्याने धाडलं नाही.

मग एका सकाळी मानाजी खाणीत उतरला. बरगड्या दिसत होत्या. मागे नकुलराव, जिवाजी आणि ते दोन तरस. दोर आणलेला नव्हता.

"झडपा खाली येत नाहीत," मानाजी म्हणाला.

"येणार नाहीत."

"कशाने येतील?"

"चावडीवर सांगत होतो."

मानाजीने मान हलवली. त्याला ते अर्धं वाक्य आठवलं होतं. बहुधा ते त्याला बरेच दिवस आठवत होतं. त्याने शब्दाचं नाव घेतलं नाही. खिडकीखिडकीशी उभं राहून तो म्हणायचा का, एवढंच विचारलं. सटवा हो म्हणाला.

जिवाजी पुढे झाला. म्हणाला, चूक आमच्या तोंडून झाली, मी म्हणतो.

"म्हण की," सटवा म्हणाला. "कायदा तुझ्यासाठीही आहे. ओठ आहे ना?"

मानाजी म्हणाला, की तरण्या पोराला मी डागणार नाही. तेव्हा नकुलराव पहिल्यांदा बोलला. आवाज मऊ होता. कायदा काय, आपणच करतो तसा मोडतोही, आजच रद्द करू, म्हणजे कोणालाच काही नाही.

"करा रद्द," सटवा म्हणाला. "आधी मानाजींना सांगा. शब्द निर्दोष, तर माझा ओठ कशासाठी जाळला? आणि शब्द निर्दोष, तर वासरू कशाने गेलं?"

मानाजी हळूहळू नकुलरावाकडे वळला. उत्तराची तो वाट बघत होता. पौषापासून ज्याला त्याला तो हेच विचारत आला होता. नकुलराव दोन पावलं मागे सरला.

"कायदा राहू दे," मानाजी म्हणाला. "ज्याने केला तो त्याखालून एकदा जाऊ दे. मग बघू."

"मी?" नकुलराव म्हणाला. "लोक माझ्या तोंडाचा शकुन घेतात."

"म्हणूनच," सटवा म्हणाला.

अख्खा गाव खाली उतरला. कित्येकांनी भिंत पहिल्यांदाच जवळून पाहिली. वाटेच्या तोंडाशी शेगडी पेटवून लोखंड तापत ठेवलं. नकुलरावाला बुरुजाकडच्या टोकाला नेलं. तिथून तो वाटेकडे येणार होता. शब्द त्याला सटवानेच शिकवला. तीनदा म्हणवून घेतला.

पहिल्या खिडकीत नकुलराव एवढासा होऊन पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," आतलं कासव म्हणालं.

तो पुन्हा म्हणाला.

"तिघं येतो म्हणाले होते, त्यांच्यापैकी तू कोणता?"

"जातो," नकुलराव ओरडला.

झडप खाली आली. लोकांनी श्वास धरला होता. काहींनी पोरांना पोटाशी ओढलं होतं. कोणी कोसळलं नाही. कुठून रडणं ऐकू आलं नाही. वारा होता तसाच होता. मानाजीने ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या वासराला आता पुन्हा कारण उरलं नव्हतं.

नकुलराव खिडकी खिडकी करत आला. बुरुजापासून पाझरापर्यंत, पाझरापासून जांभळापर्यंत. प्रत्येक उंबऱ्याशी पुढचे पाय टेकायचे आणि म्हणायचं. आवाज घोगरा झाला, मग फाटला. मागे एकेक काळं तोंड मिटत होतं. जिथे मिटलं तिथे जिवाजीच्या कळपातली पोरं मागून येऊन "आलो" म्हणत आणि झडप पुन्हा वर जाई. नाचणी बाहेर आली. लोक मुठींनी खात होते आणि खाता खाता नकुलरावाकडे बघत होते. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर थांबून कामं सुरू केली, ते आता तो जवळ आला की वाट सोडून बाजूला होत. तो कोणाच्या समोरून जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

सटवा त्याच्या बरोबरीने चालला, एकेक खिडकी. बोलला काही नाही. ओठाला त्याने एकदाही जीभ लावली नाही.

ऊन उतरलं तेव्हा ते वाटेच्या तोंडाशी पोचले. एकच झडप वर राहिली होती. नकुलराव तिच्याकडे वळला. सटवा आडवा आला.

"ही माझी."

मग तरसांनी लोखंड उचललं. मानाजीने पाहिलं, त्याने थांबवलं नाही. माघात थांबवलं नव्हतं, तसंच. नकुलरावाला धरावं लागलं. झाल्यावर तो वाटेकडे पाठ करून रानाच्या दिशेने निघाला. निघताना तो कोणालाच काही म्हणाला नाही.

भिंतीच्या माथ्यावर गोजरा बसली होती. खाली सांडलेल्या दाण्यांत तिची दोन पिल्लं टिपत होती. सटवाने वर पाहिलं. तिने मान फिरवली.

तो कोंडाबाईच्या खिडकीशी गेला. ती तशीच बसली होती, पुढचे पाय उंबऱ्यावर. पायांवर माघापासूनची धूळ होती.

"'जा' म्हणालास," ती म्हणाली. "ही जागा सोडून मी कुठे जाऊ? म्हणून थांबले."

सटवाने तोंड उंबऱ्यावर टेकवलं.

"तो," तो म्हणाला.

झडप खाली आली.